डिस्कवर न लिहिता, मेमरीतच झिप कशी बनते?

जानेवारी उजाडला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे कंटेनर भरू लागतात आणि प्रत्येक कंटेनरमागे कागदांचा गठ्ठा तयार होतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला), अ‍ॅगमार्कचा दाखला आणि ज्या ज्या बागेचा माल आत आहे त्या प्रत्येक बागेचा औषधांच्या अंशांचा तपासणी अहवाल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर होते, तरी निर्यातदाराला, त्याच्या सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) आणि तिकडच्या खरेदीदाराला हा गठ्ठा एकत्र हवा असतोच. म्हणून नाशिकमध्ये अशा निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे एक मागणी हमखास येते: एक बटण द्या, दाबलं की कंटेनरचे सगळे कागद एका झिपमध्ये उतरले पाहिजेत.

मागणी साधी आहे. पण ती पूर्ण करताना बहुतेक जण पहिल्यांदा जो रस्ता धरतात तो मला पटत नाही. सर्व्हरवर एक टेम्प, म्हणजे तात्पुरता, फोल्डर करायचा, कागद त्यात कॉपी करायचे, तिथेच झिप बनवायची, ब्राउझरला पाठवायची आणि मग सगळं पुसायचं. चालतं हे. पण दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि झिपचं नाव एकच असलं तर एकाच्या हातात दुसऱ्याचे कागद जातात. मधेच प्रोग्राम पडला तर पुसायची पायरी राहून जाते. महिन्या-दोन महिन्यांनी त्या फोल्डरमध्ये पाहिलं तर शेतकऱ्यांचे सात-बारा, बँकेचे तपशील, तपासणी अहवाल, सगळं तसंच पडलेलं सापडतं. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद कुणाच्या लक्षातही नसलेल्या फोल्डरमध्ये राहू नयेत, असं मला मनापासून वाटतं. आणि ते टाळायला फार काही करावं लागत नाही. झिप डिस्कवर न उतरवता थेट मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, बनवता येते.

मेमरीत बनवायची म्हणजे काय, हे समजायला आधी लायब्ररीच्या, म्हणजे झिप लिहिणाऱ्या तयार कोडच्या, नजरेने बघावं लागतं. पायथनमधलं झिपफाइल हे मॉड्यूल घ्या, ते पायथनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. त्याला आपण सहसा फाइलचं नाव देतो, म्हणून वाटतं की त्याला डिस्कवरची फाइलच लागते. खरं तर त्याला लागते फक्त अशी एक वस्तू, जिच्यात बाइट लिहिता येतील, 'मी आत्ता कितव्या बाइटवर आहे' हे विचारता येईल आणि हवं तर मागे-पुढे सरकता येईल. पायथनमध्ये अशी वस्तू तयार आहे, तिचं नाव बाइट्सआयओ. बाहेरून ती फाइलसारखी वागते आणि आतून ती रॅममधला बाइटांचा एक तुकडा असते. झिपफाइलला नावाच्या जागी ती दिली की झालं. मग राइटस्टर नावाचं फंक्शन वापरून 'या नावाखाली हा मजकूर टाक' असं एकेक करून सांगायचं. डेटाबेसमधून किंवा क्लाउडवरच्या साठ्यातून आलेले बाइट सरळ झिपमध्ये जातात, मधे कुठेही फाइल तयार होत नाही.

दुसऱ्या भाषांतही हीच जोडी असते, फक्त नावं वेगळी. जावामध्ये झिपआउटपुटस्ट्रीम आणि बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीम, सी-शार्पमध्ये झिपआर्काइव्ह आणि मेमरीस्ट्रीम, गो भाषेत झिपचा रायटर आणि बाइट्सचा बफर. एक झिप लिहिणारा आणि एक फाइलचं सोंग घेणारा.

इथपर्यंत कुणालाही जमतं. अडतं ते पुढे. झिप उतरते, पण उघडत नाही. किंवा शून्य बाइटची उतरते. किंवा उघडते, पण आकार जराही कमी झालेला नसतो. या तिन्ही तक्रारींची उत्तरं झिपच्या पोटात आहेत, म्हणून ते पोट एकदा उघडून बघितलंच पाहिजे.

१४३ बाइटांची झिप

झिपची रचना फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ मध्ये पीकेझिप या आपल्या सॉफ्टवेअरसोबत आणली आणि ती कशी आहे हे जाहीर करून टाकलं. म्हणूनच आज कुठल्याही भाषेत झिप लिहिणारी लायब्ररी मिळते. कुठलीही साधी झिप फाइल बाइटांच्या पातळीवर उघडली तर पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतात, ती त्याच्याच नावाची आद्याक्षरं.

आता आपण शक्य तितकी लहान झिप बनवू. आत एकच फाइल, तिचं नाव 'नाशिक', शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नाही. फाइलमध्ये एकच शब्द: 'कांदा'. दाबायचं, म्हणजे कॉम्प्रेस करून आकार कमी करायचं, काही नाही, जसं आहे तसं ठेवायचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत) ३ बाइट घेतं आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. 'नाशिक'मध्ये न, काना, श, वेलांटी, क अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. 'कांदा'मध्ये क, काना, अनुस्वार, द, काना, तेही १५ बाइट.

लायब्ररी सगळ्यात आधी ३० बाइटांची एक नोंद लिहिते. तिच्यात कुठल्या पद्धतीने दाबलं, तारीख-वेळ काय, मजकूर बरोबर आहे का हे तपासायचा सीआरसी-३२ नावाचा आकडा, दाबण्याआधीचा आणि नंतरचा आकार, नाव किती बाइटांचं आहे, अशी माहिती असते. त्यानंतर नावाचे १५ बाइट, मग मजकुराचे १५. झाले ६०. दुसरी फाइल असती तर पुन्हा हाच क्रम आला असता.

पण झिप इथे संपत नाही. सगळ्या फाइली लिहून झाल्यावर शेवटी एक यादी येते. प्रत्येक फाइलमागे ४६ बाइटांची नोंद आणि पुन्हा एकदा तिचं नाव. या नोंदीत महत्त्वाचं काय असतं, तर ती फाइल झिपच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटला सुरू होते हा आकडा. आपल्या झिपमध्ये या यादीचे ४६ अधिक १५, म्हणजे ६१ बाइट. आणि सगळ्यात शेवटी २२ बाइटांचा समारोप. त्यात यादी कुठून सुरू होते आणि तिच्यात किती नोंदी आहेत ते लिहिलेलं असतं. ६०, ६१ आणि २२ मिळून १४३.

पॅकहाउसमध्ये प्रत्येक खोक्यावर लेबल लागतं आणि सगळी खोकी कंटेनरमध्ये गेली की मग पॅकिंग लिस्ट निघते, तशीच ही रचना आहे. उतरवून घेणारा माणूस खोकी एकेक करून वाचत बसत नाही, आधी लिस्ट मागतो. झिप उघडणारं सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा असंच करतं. ते फाइलच्या शेपटाकडून सुरुवात करतं, तो २२ बाइटांचा समारोप शोधतं, त्यावरून यादी गाठतं आणि यादीवरून फाइली. त्यामुळे हजार फाइलींच्या झिपमधली एकच फाइल काढायची असली तरी बाकीच्या ९९९ वाचाव्या लागत नाहीत.

यादी शेवटी लिहिली जाते, ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर मेमरीतल्या झिपच्या निम्म्याहून जास्त अडचणी आपोआप उलगडतात.

बंद करा, मग वाचा

यादी शेवटी लिहायची, तर शेवट झाला हे लायब्ररीला कळणार कसं? तुम्ही क्लोज म्हणाल तेव्हा. तोवर तिला वाटत राहतं की अजून फाइली यायच्या आहेत. वरच्या उदाहरणात 'कांदा' लिहून झाल्यावर, क्लोज न करता, बाइट्सआयओमध्ये काय आहे असं विचारलं तर ६० बाइट मिळतील. लेबल लावलेलं खोकं आहे, पण यादी नाही, समारोपही नाही. हे ६० बाइट ब्राउझरला पाठवले की निर्यातदाराच्या लॅपटॉपवर फाइल उतरते, डबल क्लिक केलं की 'करप्ट आहे' असा निरोप येतो आणि फोन आपल्याला येतो. मजकूर तर सगळा आत असतो, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याला चूक लवकर सापडत नाही.

पायथनमध्ये झिपफाइल 'विथ' या शब्दाने उघडली की तो भाग संपताच ती आपोआप बंद होते. म्हणून बाइट काढून घेणारी ओळ 'विथ'च्या बाहेर, डावीकडे सरकवून लिहायची. चार मोकळ्या जागांचा फरक, पण चालणारी झिप आणि मोडकी झिप यांच्यात तेवढाच फरक आहे. झिपफाइल बंद झाली म्हणून तुम्ही दिलेला बाइट्सआयओ बंद होत नाही, तो तुमच्याकडेच राहतो. सी-शार्पमध्ये मात्र उलटं आहे. तिथे झिपआर्काइव्ह जाताना मेमरीस्ट्रीमलाही बंद करून जातो, तो उघडा ठेव असं तयार करतानाच 'लीव्हओपन'ला होकार देऊन सांगावं लागतं.

शून्य बाइटची तक्रार वेगळी आहे. बाइट्सआयओमध्ये एक काटा असतो, तो आपण कुठे आहोत ते दाखवतो. १४३ बाइट लिहून झाले की तो १४३ वर उभा असतो. आता तीच वस्तू वेब फ्रेमवर्कच्या हाती देऊन 'वाच आणि पाठव' म्हटलं तर ते काट्यापासून पुढे वाचतं, आणि पुढे काहीच नसतं. वाचायला देण्याआधी सीक वापरून काटा शून्यावर आणायचा. गेटव्हॅल्यू हे फंक्शन काट्याकडे न बघता सगळे बाइट देतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

दाबलंच नाही तर लहान कसं होणार?

पायथनच्या झिपफाइलला दाबायची पद्धत सांगितली नाही तर ती दाबतच नाही. तिचं गृहीत उत्तर आहे 'स्टोअर्ड', म्हणजे जसंच्या तसं ठेव. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं अशा झिप बनवत असतात आणि त्यांना पत्ता नसतो, कारण झिप व्यवस्थित उघडते. 'डिफ्लेटेड' हे स्पष्ट सांगायचं.

डिफ्लेट ही पद्धत दोन जुन्या कल्पनांवर उभी आहे. पहिली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांची, १९७७ ची: आधी येऊन गेलेलं पुन्हा आलं तर ते पुन्हा लिहू नका, 'इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचला' एवढंच लिहा. डिफ्लेट जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे बघतं आणि एका दमात ३ ते २५८ बाइट उचलतं. दुसरी डेव्हिड हफमन यांची, १९५२ ची: जे वारंवार येतं त्याला छोटा संकेत द्या, जे क्वचित येतं त्याला लांब.

लासलगावच्या बाजारभावाची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, डोळ्यासमोर आणा. प्रत्येक ओळीत 'लासलगाव', प्रत्येक ओळीत 'उन्हाळ कांदा', प्रत्येक ओळीत 'क्विंटल'. 'लासलगाव'चे २१ बाइट दुसऱ्या ओळीपासून एका छोट्याशा निर्देशात मावतात, आणि शेजारचे रकाने तेच असतील तर तेही त्याच निर्देशात येतात. शिवाय आपल्या लिपीला आणखी एक फायदा मिळतो, जो मला फार आवडतो. 'नाशिक'चे बाइट आकड्यांत लिहून बघा: २२४ १६४ १६८, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १८२, २२४ १६४ १९१, २२४ १६४ १४९. पाचही चिन्हांचे पहिले दोन बाइट तेच. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये तिप्पट जागा खातो अशी तक्रार आपण ऐकतो, पण दाबताना डिफ्लेट या पुनरावृत्तीचा पुरेपूर फायदा उठवतं आणि त्या जादा जागेतली बरीचशी परत मिळते.

याउलट स्कॅन केलेले अहवाल, बागेचे फोटो. जेपीजी आधीच दाबलेली असते, पीडीएफच्या आतही बहुतेक भाग दाबलेला असतो. त्यांना पुन्हा दाबायचा प्रयत्न केला तर सर्व्हरचा वेळ जातो आणि हाती जवळजवळ काही लागत नाही. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल तर स्वतःच एक झिप असते, वर्डची डॉकएक्सही तशीच. चांगली गोष्ट अशी की एकाच झिपमध्ये प्रत्येक फाइलला वेगळी पद्धत देता येते, कारण पद्धत त्या फाइलच्या नोंदीत लिहिलेली असते. फोटो आणि पीडीएफ जसेच्या तसे, सीएसव्ही डिफ्लेटने. माझं मत विचाराल तर द्राक्षांच्या कागदांसाठी हेच करावं. तिथे झिप हवी असते ती एकत्र बांधण्यासाठी, आकार कमी होणं ही वरची गोष्ट.

अगदी छोटा मजकूर दाबायला जाऊ नये. 'कांदा'च्या १५ बाइटांवर डिफ्लेट चालवलं तर बाइट-दोन बाइट वाढायचीच शक्यता जास्त.

रॅम सगळ्यांची असते

आता याची किंमत. एका कंटेनरचे कागद ६० एमबी धरू. ते दाबून फारसे कमी होणार नाहीत, म्हणजे झिपही ६० एमबीच्या आसपास, आणि ती पूर्ण उतरेपर्यंत रॅममध्ये बसून राहणार. हंगामात संध्याकाळी २० जणांनी एकदम बटण दाबलं तर १,२०० एमबी. सर्व्हर १ जीबी रॅमचा असेल तर लिनक्स प्रोग्रामच मारून टाकतो, आणि तेव्हा फक्त झिप मागणाऱ्यांचं नाही, सगळ्यांचंच काम थांबतं. म्हणून मेमरीतली झिप हा नियम करू नये. दोन-चार एमबीच्या गठ्ठ्याला ती उत्तम, शे-दोनशे एमबीला चुकीची.

मधला रस्ता पायथनमध्येच आहे: स्पूल्डटेम्पररीफाइल. तिला एक मर्यादा सांगायची, समजा १० एमबी. तोवर ती मेमरीत राहते, मर्यादा ओलांडली की स्वतःहून डिस्कवर जाते, आणि बंद केली की डिस्कवरचंही पुसलं जातं. पायथन ३.११ पासून ती फाइलसारखी पूर्णपणे वागते, त्यामुळे झिपफाइलशी नीट जुळते.

खूप मोठ्या झिपसाठी साठवणंच सोडून द्यायचं. जसजसे बाइट तयार होतील तसतसे ब्राउझरकडे पाठवत राहायचं. इथे एक पेच येतो. त्या ३० बाइटांच्या नोंदीत दाबल्यानंतरचा आकार आणि सीआरसी लिहायचा असतो, पण नोंद मजकुराच्या आधी येते आणि आकार मजकूर दाबून झाल्यावर कळतो. बाइट्सआयओ असेल तर लायब्ररी आधी शून्य लिहून ठेवते आणि नंतर मागे येऊन खरे आकडे भरते. एकदा नेटवर्कवर गेलेल्या बाइटांकडे मागे येता येत नाही. कॅट्झच्या रचनेत यावर तोड आहे: नोंदीत एक खूण करायची की आकडे पुढे येतील, आणि ते मजकुरानंतर लिहायचे. शेवटच्या यादीत तर ते बरोबर असतातच. ज्या वस्तूत मागे सरकता येत नाही तिच्यात लिहिण्याची ही सोय पायथनच्या झिपफाइलमध्ये ३.५ पासून आहे.

कधी कधी सर्व्हरची गरजच नसते. कागद ब्राउझरमध्ये आधीच उतरलेले असतील तर जेएसझिप ही जावास्क्रिप्टची लायब्ररी तिथल्या तिथे, वापरणाऱ्याच्या लॅपटॉपच्या मेमरीत झिप बनवून देते. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनमधले फोटो निवडून गठ्ठा करायचा असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

नावं, वेळा आणि एक छोटी तपासणी

प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालांची नावं पुष्कळदा एकसारखीच असतात: 'रिपोर्ट', 'रिपोर्ट', 'रिपोर्ट'. झिपला एकाच नावाच्या दोन फाइली चालतात, पायथन फक्त एक सूचना देऊन दोन्ही लिहून टाकतं. उलगडताना मात्र नंतरची आधीच्यावर बसते आणि एका बागेचा अहवाल गायब होतो. म्हणून नावाच्या आधी बागेचा नोंदणी क्रमांक आणि तिरपी रेघ लावायची. तेवढ्याने प्रत्येक बागेचा वेगळा फोल्डर दिसतो, फोल्डर बनवायची वेगळी आज्ञा लागत नाही. नाव वापरणाऱ्याने दिलेलं असेल तर त्यातले दोन टिंबांचे 'मागच्या फोल्डरमध्ये जा' असे तुकडे आधी काढून टाकायचे, नाहीतर उलगडणाऱ्याच्या संगणकावर फाइल भलत्याच जागी जाऊन पडू शकते.

मराठी नावं बिनधास्त ठेवा. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी एक खूण नोंदीत असते आणि पायथन ती स्वतः करतं.

वेळेचं मात्र बघावं लागतं. झिपमधली मूळ तारीख-वेळ जुन्या डॉसच्या पद्धतीची आहे. ती १९८० पासून सुरू होते, सेकंद दोन-दोनच्या उड्यांनी मोजते आणि तिच्यात टाइमझोन नसतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल तर नाशिकमध्ये संध्याकाळी साडेसहाला बनवलेल्या झिपमधल्या फाइलींवर दुपारचा एक वाजलेला दिसतो. कंटेनर किती वाजता भरला यावरून वाद होतात अशा धंद्यात ही वेळ प्रत्येक फाइलला आपण स्वतः द्यावी हे बरं.

आणि पाठवण्याआधी एक तपासणी, तीही मेमरीतच. त्याच बाइट्सआयओवर झिपफाइल आता वाचण्यासाठी उघडायची आणि टेस्टझिप चालवायचं. ते प्रत्येक फाइल पूर्ण वाचतं, सीआरसी जुळतो का बघतं आणि बिघडलेली पहिली फाइल सापडली तर तिचं नाव देतं. सगळं ठीक असेल तर काहीच देत नाही. यादी नसलेली ६० बाइटांची झिप तर उघडतानाच नाकारली जाते. लिहिलेल्या फाइलींची संख्या आणि यादीतल्या नावांची संख्या जुळवून बघा, नावं दोनदा आली नाहीत ना तेही बघा, मग काटा शून्यावर आणून पाठवा.